किरायाचं घर विकत घेताना : भिंतीतल्या भेगा आणि वहीतले आकडे

विदर्भात तालुक्याच्या गावी घर विकायला निघालं की कानावर पहिला आकडा येतो तो किरायाचा. "तीन ब्लॉक आहेत, महिन्याचे तेरा हजार घरबसल्या येतात." सांगणारा खोटं बोलतो असं नाही. तेरा हजार खरंच येतात. त्यातले हातात किती उरतात, हे मात्र स्लॅब, पाया, बोअर, संडासाची टाकी आणि कागदावरची नोंद ठरवते. म्हणून घराची तपासणी आणि पैशाचा हिशेब ही दोन कामं वेगळी करू नयेत. घर पाहायला जाताना एक वही सोबत न्यावी आणि दिसलेल्या प्रत्येक दोषापुढे तिथेच दुरुस्तीची रक्कम टाकावी. ज्या दोषापुढे रक्कम टाकता येत नाही, तो दोष सौद्याला धोकादायक समजावा.

काळ्या मातीवरचं घर

अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ, वर्धा या भागातली बरीच गावं काळ्या मातीवर वसलेली आहेत. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात सुकून आक्रसते. मे महिन्यात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात, तेच घराभोवतीही होतं. घराच्या मधल्या भागाखालची माती वर्षभर बरीचशी एकसारखी राहते. कडेची माती मात्र पावसात फुगते, उन्हात बसते. पाया उथळ असला की कडा वर-खाली होतात, मधला भाग जागेवर राहतो आणि भिंत फाटते.

त्यामुळे पहिला प्रश्न विचारायचा तो पाया किती खोल आहे आणि कशावर टेकला आहे हा. काळा थर चार-पाच फुटांचा असेल तर खोदून मुरमापर्यंत जाणं अवघड नसतं. थर दहा-बारा फुटांचा असेल तर कॉलम खोल नेऊन प्लिंथ बीमने (जोत्याच्या पातळीवरच्या काँक्रीटच्या तुळईने) बांधावे लागतात, नाहीतर खाली फुगा असलेले अंडर-रीम्ड पाइल करावे लागतात. गावात नेहमी दिसतो तो तिसराच प्रकार. तीन फुटांचा जुना दगडी पाया, त्यावर विटांच्या भिंती, आणि दहा वर्षांपूर्वी कवेलू काढून त्यांच्या जागी घातलेला जड स्लॅब. घरमालकाला खोली आठवत नसेल तर गल्लीत कुणाच्या सेप्टिक टँकचा खड्डा किंवा नव्या घराचा पाया उघडा आहे का ते पाहा. काळा थर किती आणि मुरूम कुठे लागतो, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

भेग दिसली की घाबरायचं नाही. ती कुठे आहे आणि कुठल्या दिशेने गेली आहे ते वाचायचं. दरवाजा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर चढलेली, वर रुंद आणि खाली निमुळती भेग म्हणजे घराचा तो कोपरा खचतो आहे. स्लॅबच्या लगेच खाली, भिंतभर आडवी गेलेली भेग पायाची नसते. ४५ अंशांच्या उन्हात स्लॅब पसरतो, रात्री आक्रसतो आणि खालच्या विटांच्या थरापासून सुटतो. तिच्यातून पाणी शिरू दिलं नाही म्हणजे पुरतं. कॉलम आणि विटांच्या जोडावर सरळ उभी भेग असेल तर छपाई करताना जोडावर जाळी मारलेली नाही एवढाच अर्थ. आणि छपाईवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसभर भेगा म्हणजे छपाईला पाणी कमी मारलं. ते दिसायला वाईट, पण खर्चाला हलकं.

रुंदी मोजायला खिशातलं नाणं चालतं. एक रुपयाचं नाणं साधारण दीड मिलिमीटर जाड असतं. तिरप्या भेगेत तीन नाणी एकाला एक लावून उभी शिरत असतील, आणि तीच भेग भिंतीच्या बाहेरूनही त्याच जागी दिसत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय इसाराचा रुपयाही देऊ नका. पाया खालून मजबूत करण्याचं काम निघालं तर त्याचा खर्च आधी नेमका सांगता येत नाही, आणि ज्याचा खर्च सांगता येत नाही त्याबद्दल वर लिहिलंच आहे.

सौदा पुरा व्हायला दोन-तीन महिने लागणार असतील तर भेगेवर आडवी पीओपीची पट्टी लावून तिच्यावर तारीख लिहा. पट्टी तडकली तर भेग अजून चालू आहे. घर एकदा मेमध्ये आणि एकदा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाहता आलं तर उत्तमच, कारण काळ्या मातीतल्या भेगा पावसात मिटतात. पावसाळ्यात पाहिलेलं घर नेहमी जास्त चांगलं वाटतं.

विकण्याआधी रंग मारायची पद्धत सगळीकडे आहे. रंगाने भेग झाकते, पण दार झाकत नाही. दाराचा वरचा कोपरा रंधा मारून तासलेला आहे का, फरशीवर दार घासल्याचा अर्धगोल ओरखडा आहे का, खिडकीची कडी आपल्या भोकात बसते का, हे पाहा. चौकट तिरकी झाल्याशिवाय हे होत नाही. मग त्याच कोपऱ्याच्या बाहेर जा. बहुतेक वेळा तिथे कारण सापडतं. बाथरूमचं पाणी जोत्याशीच मुरतं आहे, टाकी भरून वाहते ते पाणी तिथेच पडतं आहे, किंवा भिंतीला लागून मोठा कडुनिंब जमिनीतलं पाणी ओढतो आहे. भेगा बारीक असतील तर उपाय स्वस्त आहे. जोत्याभोवती तीन फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतार दिलेला सिमेंटचा पट्टा करायचा आणि सगळं पाणी नालीत काढायचं. मातीतला ओलावा एकसारखा राहिला की तिची हालचाल कमी होते.

पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत प्रश्न बदलतो. तिथे पाऊस जास्त, जुन्या घरांत लाकूड जास्त, म्हणून उधई आणि भिंतीत चढणारी ओल आधी पाहायची. चौकटीच्या खालच्या टोकाला स्क्रू-ड्रायव्हर टोचला आणि तो भसकन आत गेला तर लाकूड आतून खाल्लेलं आहे. नदीकाठच्या गावात २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचं पाणी कुठवर आलं होतं, हे तीन वेगवेगळ्या घरी विचारा. कोळसा पट्ट्यात, म्हणजे वणी, घुग्घुस, राजुरा भागात, जमिनीखाली जुनी खाण आहे का याची चौकशी हवीच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसला एक घर जमिनीत गडप झालं होतं. त्या भागात भूसंपादनाची अधिसूचना निघाली आहे का, हेही तहसील कार्यालयात विचारून घ्या.

खार, ओल आणि छत

दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या बाजूचा पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा (जमिनीतलं पाणी खारं असलेला भाग) सगळ्यांना माहीत आहे, पण तो पिण्याच्या पाण्यापुरता आठवतो. बांधकाम कोणत्या पाण्यात झालं, हे कुणी विचारत नाही. सळाख असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं भारतीय मानक सांगतं. खाऱ्या बोअरच्या पाण्याने कालवलेल्या आणि त्याच पाण्याने भिजवलेल्या स्लॅबमध्ये सळाख आतून गंजते. गंजलेली सळाख फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. म्हणून घर बांधताना पाणी टँकरचं होतं की बोअरचं, हे मालकाला आणि जमलं तर मिस्त्रीलाही विचारा.

जोत्यापासून दोन-तीन फूट उंचीपर्यंत पांढरी बुरशीसारखी भुकटी आणि पोपडे दिसले तर तो लोणा. जोत्यावर ओल अडवणारा थर टाकलेला नाही, म्हणून जमिनीतलं खारं पाणी विटांतून वर चढतं. त्यावर रंग कितीही चांगला मारा, दोन पावसाळ्यांत सोलतो. टाइल्स लावून झाकलेला लोणा टाइलच्या वरच्या कडेवर पुन्हा उगवतो. खालच्या चार फुटांवरच नव्या टाइल्स असतील तर संशय घ्यायला हरकत नाही.

छताखाली उभं राहून काठीने स्लॅब ठोकत जा. भरीव टणटण आवाजात मध्येच डबडब आवाज आला तर तिथे थर सुटला आहे. सळाखेच्या रेषेत तांबूस डाग म्हणजे गंज सुरू झाला. आधी छज्जे पाहा, कारण ते पातळ असतात, उन्हा-पावसात उघडे असतात आणि मिस्त्री पुष्कळदा त्यांची सळाख वरच्या बाजूला ठेवायच्या ऐवजी खाली ठेवतात. पुढे आलेल्या छज्जात ताण वरच्या बाजूला असतो. खाली दबलेली सळाख काहीच धरत नाही. शेवटी गच्चीवर जा. पाणी साचल्याच्या कडा, पाइपच्या तोंडाशी वाळलेली माती, पॅरापेट आणि स्लॅबच्या सांध्यात उगवलेलं पिंपळाचं रोप, एवढं दिसलं की गळती कुठून होते ते कळलं. मालक तयार असेल तर पाइपची तोंडं बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी चोवीस तास उभं करा. नको म्हणाला, तर तेही एक उत्तरच आहे.

वीज, पाणी, संडास

इकडे किरायदार कूलर लावणारच. लोखंडी कूलर, ओली फरशी आणि अर्थिंग नसलेलं घर, यातून दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. मीटरजवळ अर्थिंगची तार नुसती दिसून उपयोग नाही, ती खड्ड्यापर्यंत जोडलेली आहे का हे वायरमनकडून तपासा. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा गळती-रक्षक (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो आपल्याच खर्चाने बसवायचा आहे असं धरा. पॉवर पॉइंटला अडीच चौरस मिलिमीटरची तार आणि एसीला चार, हे कमीत कमी.

तीन ब्लॉक आणि मीटर एकच, हा प्रकार तालुक्याच्या गावी फार आढळतो. महावितरणचा घरगुती दर १०० आणि ३०० युनिटच्या टप्प्यांवर वाढत जातो. तीन घरांची युनिट एका मीटरवर पडली की सगळ्यांना वरचा दर लागतो, आणि सबमीटरवरून दर महिन्याला वाद होतात. किरायदार टिकत नसतील तर कारण कधी कधी एवढंच असतं. वेगळी मीटरं घेण्याचा खर्च वहीत लिहा आणि जुन्या मीटरची थकबाकी विक्रीपत्राआधी मालकाकडून भरून घ्या. ती जागेच्या मागे लागते.

बोअर एप्रिल-मेमध्ये सलग तासभर चालवून पाहायचा. पंधरा मिनिटांनी धार तुटत असेल तर तीन कुटुंबांना पाणी पुरणार नाही आणि टँकरचा खर्च घरमालकाच्या डोक्यावर येईल. पाण्याचा नमुना शासकीय प्रयोगशाळेत द्या. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, २००० च्या वर नकोच. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत फ्लोराइडही तपासा, दीड मिलिग्रॅमच्या पुढे ते दात आणि हाडं बिघडवतं.

संडासाची टाकी किती महिन्यांनी उपसावी लागते, हे मालकाला नाही, किरायदाराला विचारा. काळ्या मातीत शोषखड्डा पाणी ओढत नाही. पावसाळ्यात तो भरतो आणि टाकी उलटी वाहते. टाकी आणि बोअर यांत पन्नास फूट अंतर नसेल तर पाण्याची तपासणी दुप्पट गरजेची.

नमुना ८ म्हणजे मालकी नव्हे

ग्रामपंचायतीच्या हद्दीत घर दाखवताना पुढे केला जातो तो नमुना ८. ही करआकारणीची नोंदवही आहे (तलाठ्याचा ८-अ वेगळा, तो शेतीच्या खात्याचा). घरपट्टी कुणाकडून घ्यायची, एवढंच ती सांगते. गायरानावर अतिक्रमण करून बांधलेल्या घराचीही घरपट्टी घेतली जाते आणि शेरा "अतिक्रमण" असा असतो. तो शेरा वाचल्याशिवाय पान उलटू नका.

गावठाणातल्या घरासाठी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मागा. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन अनेक गावांत ती आता मिळते. तिच्यावरची आराजी (क्षेत्रफळ), विक्रीपत्रातली आराजी आणि मोक्यावर टेपने मोजलेली आराजी तिन्ही जुळायला हव्यात. लेआउटमधलं घर असेल तर अकृषक (बिगरशेती) आदेश, मंजूर नकाशा आणि प्लॉट नंबर पाहा. शेताच्या सातबाऱ्यावर नावं चढवून पाडलेले प्लॉट स्वस्त मिळतात, पण तिथे बँक कर्ज देत नाही आणि बांधकाम परवानगी अडते. म्हणजे उद्या आपल्यालाही रोकड देणाराच गिऱ्हाईक शोधावा लागतो.

विदर्भात आणखी तीन गोष्टी वाटेत येतात. नझूल जमीन शासनाच्या लीजवर असते, लीजची मुदत आणि हस्तांतराची परवानगी पाहावी लागते. जमीन भोगवटादार वर्ग-२ ची (शासनाच्या अटींवर दिलेली) असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. आणि मूळ जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. असा व्यवहार कित्येक वर्षांनंतरही उलटतो. तीस वर्षांचा सर्च (जुन्या नोंदी आणि दस्तांचा शोध) वकिलाकडून करून घ्या, फेरफार मागे मागे वाचत जा आणि बहिणींची नावं वारसात कुठे गळली का ते बघा. इकडच्या घरांच्या भांडणांत हे कारण फार मोठं आहे.

घर राज्य मार्गाला लागून असेल तर बांधकाम विभागात रुंदीकरणाची रेषा पाहून घ्या. पुढचे दोन गाळे रस्त्यात जाणार असतील तर किराया त्याच गाळ्यांचा असतो.

आता वही उघडा

एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत, दर गावोगाव बदलतात, रीत तीच. नगरपंचायत हद्दीत दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट, त्यावर अकराशे फुटांचं वीस वर्षं जुनं बांधकाम, तीन ब्लॉक. किराया ४,५००, ४,५०० आणि ४,०००, म्हणजे महिन्याला १३,००० आणि वर्षाला १,५६,०००. मागणी २६ लाखांची. दलाल भागाकार करून दाखवतो, सहा टक्के.

आधी भाजक दुरुस्त करू. नगरपंचायत हद्दीत मुद्रांक आणि अधिभार मिळून साधारण ५ टक्के, म्हणजे १,३०,००० (ग्रामपंचायत हद्दीत साधारण ४ टक्के, घर बाईच्या नावावर घेतलं तर सवलत आहे का ते विचारा). नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांहून जास्त नाही, म्हणून २६,०००. दलाली २६,०००. वकील, सर्च, मोजणी २०,०००. आणि वहीत जमलेली दुरुस्ती : गच्चीचं वॉटरप्रूफिंग ५५,०००, वायरिंग-अर्थिंग ४५,०००, जोत्याभोवतीचा पट्टा ३३,०००, सांडपाणी आणि शोषखड्डा ३०,०००, छज्जे १७,०००. ही झाली १,८०,०००. घर आपल्याला २६ लाखांना पडत नाही, २९,८२,००० ला पडतं.

आता वरचा आकडा. तालुक्याच्या गावचा किरायदार म्हणजे शिक्षक, नर्स, बँकेतला कारकून, महावितरणचा कर्मचारी. बदल्या उन्हाळ्यात होतात आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. एप्रिल-मेमध्ये सुटलेला ब्लॉक जूनअखेर भरला तर भरला. जुलै उलटला की तो दिवाळीपर्यंत रिकामा राहू शकतो. म्हणून प्रत्येक ब्लॉकचा वर्षाला दीड महिना कोरडा धरा. १९,५०० गेले, उरले १,३६,५००. त्यातून घरपट्टी ७,५००, विमा २,५००, वर्षाची किरकोळ दुरुस्ती एक महिन्याच्या किरायाएवढी १३,०००, मोटर-टाकी-उपसा ४,०००, जिना आणि अंगणातला लाइट ३,०००, करारनाम्यांचा खर्च २,५००. रंग आणि स्लॅबसाठी दरवर्षी बाजूला काढायचे १५,०००. हे शेवटचे कुणी काढत नाही आणि मग आठव्या वर्षी एकदम लाखाचं काम निघतं. एकूण ४७,५००. हातात ८९,०००.

८९,००० भागिले २९,८२,०००. जेमतेम तीन टक्के. बँकेतली मुदत ठेव याहून जास्त देते, आणि तिची मोटर जळत नाही.

यातले १८ लाख ९ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी कर्जाऊ घेतले तर हप्ता साधारण १८,२५७ येतो. निव्वळ किराया महिन्याला ७,४०० च्या आसपास. दरमहा जवळजवळ ११ हजार पगारातून किंवा शेतीतून घालावे लागतील, आणि शेतीचं उत्पन्न तर दर महिन्याला येत नाही. कापसाच्या पैशावर हप्ता बांधायचा असेल तर सहा महिन्यांचे हप्ते आधी बाजूला ठेवा.

आयकरात घरपट्टी वजा केल्यावर उरलेल्या किरायाच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, प्रत्यक्ष दुरुस्ती किती केली ते विचारत नाहीत. इथे ती ३८,७०० बसते आणि बाकीचा खर्च ४०,००० आहे. बरोबरीचं आहे. पण मोठ्या दुरुस्तीच्या वर्षी जास्तीचा खर्च करातून सुटत नाही.

मग विकणारा लुबाडतो आहे का? नाही. प्लॉटचा दर ९०० रुपये फूट धरला तर साडेतेरा लाख. बांधकाम नवं करायला १,६०० रुपये फूट, म्हणजे १७,६०,०००. बांधकामाचं आयुष्य साठ वर्षं धरलं तर त्यातली वीस गेली, म्हणून एक तृतीयांश कमी करून पावणेबारा लाखांच्या आत. बेरीज सव्वापंचवीस लाख. मागणी वाजवीच आहे. किंमत जमिनीने चढली आहे आणि किराया किरायदाराच्या पगाराने ठरतो, दोघांची गाठ पडत नाही, एवढंच. निव्वळ पाच टक्के हवे असतील तर वरचा मुद्रांक-दलाली-दुरुस्तीचा खर्च धरून या घराला पावणेपंधरा लाखांच्या वर देता येत नाही, आणि तेवढ्यात ते मिळणार नाही.

त्यामुळे आमचं मत स्पष्ट आहे. असं घर घेणारा खरं तर प्लॉट घेतो आहे आणि किराया ही वरकमाई आहे. तसं असेल तर भेगांपेक्षा कागदाला जास्त वेळ द्या. आणि आपला स्वतःचा मोकळा प्लॉट असेल तर गणित पार बदलतं. तिथे साडेतीनशे फुटांचा ब्लॉक ५,६०,००० मध्ये उभा राहिला, ४,५०० ने गेला, दीड महिना कोरडा आणि १६,००० खर्च धरला तरी ३१,२५० उरतात, साडेपाच टक्के. जमिनीचे पैसे पुन्हा मोजावे लागत नाहीत ना.

आत राहणारी माणसं

किरायाचा आकडा मालकाकडून घ्यायचा नाही. प्रत्येक किरायदाराला एकटं गाठा. किराया किती, डिपॉझिट किती दिलं, केव्हापासून राहता, शेवटचा किराया केव्हा दिला, करार लेखी आहे का, हे विचारा. विक्रीच्या तोंडावर मालक आपल्या पाहुण्याला सहा हजारांचा किरायदार म्हणून बसवतो, असंही घडतं. त्याच्या घरातला सामान पाहा, सिलिंडर आणि चूल पाहा. राहता माणूस ओळखू येतो. डिपॉझिट परत द्यायची जबाबदारी पुढे आपल्याकडे येते, म्हणून ती रक्कम सौद्यातून कापून घ्या.

तीस-चाळीस वर्षांचा किरायदार, शंभर-दोनशे रुपये किराया, कागद काही नाही, असा गाळा स्वस्त दिसला तर थांबा. वऱ्हाड-नागपूर भागात १९४९ च्या भाडे नियंत्रण आदेशापासूनचे किरायदार आहेत आणि आजच्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातही त्यांना संरक्षण आहे. त्याला उठवायला किती वर्षं लागतील, ते वहीत लिहिता येत नाही.

नवा करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे जबाबदारी मालकाची. स्टॅम्पवर नुसती नोटरी करून भागत नाही. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत किरायदार म्हणेल ते आधी खरं धरलं जातं. मुद्रांक एकूण किरायाच्या ०.२५ टक्के असतो (डिपॉझिटवर वेगळा हिशेब लागतो), ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये. चार-साडेचार हजारांच्या ब्लॉकला हा खर्च जड नाही.

ठेकेदार सगळे ब्लॉक एकदम मागतो आणि किरायाही जास्त देतो. एका खोलीत आठ मजूर राहिले तर संडासाची टाकी आणि बोअर तीन पट वापरले जातात. असा किरायदार ठेवायचा तर डिपॉझिट तीन महिन्यांचं घ्या आणि माणसांची संख्या करारात लिहा.

इसार देताना

तोंडी सौद्यावर पैसे देऊ नका. इसारपत्रात चतुःसीमा, आराजी, मिळकत पत्रिकेचा किंवा सातबाऱ्याचा क्रमांक, असतील तेवढ्या मीटरचे ग्राहक क्रमांक, प्रत्येक किरायदाराचं नाव, किराया आणि डिपॉझिट लिहा. थकलेली घरपट्टी आणि वीजबिल विक्रीपत्राआधी विकणारा भरेल, सर्चमध्ये बोजा किंवा वारसाचा हक्क निघाला तर इसार परत मिळेल आणि किती दिवसांत, हे कलम शब्दात लिहून घ्या. इसार दहा टक्क्यांच्या वर नको, आणि चेकने.

विक्रीपत्राच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा घरी जा. प्रत्येक मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, मोटर चालू करून पाहा. विकणाऱ्याच्या सहीचं एक पत्र प्रत्येक किरायदाराला द्या, की पुढच्या महिन्यापासून किराया अमुक नावाने द्यावा. ते पत्र नसलं की पहिले दोन महिने किराया जुन्या मालकाच्याच खात्यात जात राहतो.